वाढत्या अंगाची रिंग

हरिओम फदाटला बास्केटबॉलच्या संघातून काढलं. हे एकदाचं सांगून टाकलेलं बरं, कारण यापुढे तसं काही झालेलं नाही.

झालं ते एवढंच, की जुन्या जालन्यात, आडत दुकानांच्या गल्लीत, ऑटोचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि हरिओमचं डोकं वरच्या लोखंडी दांडीवर आपटलं. सहा फूट नऊ इंचांचा माणूस ऑटोत बसतो तेव्हा त्याला मान एका खांद्यावर टाकून बसावं लागतं. कान देऊन ऐकतोय असा रिक्षावाल्याचा समज होतो आणि तो बोलत सुटतो. हा रिक्षावाला बसस्टँडपासून मेव्हण्याच्या पोटाचं ऑपरेशन सांगत होता. खड्डा आला, दांडी लागली आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला. संघाच्या मॅनेजरने इंग्रजीत कळवलं होतं की नव्या मोसमासाठी संघ वेगळ्या दिशेने विचार करत आहे, हरिओमचं योगदान सदैव स्मरणात राहील, पुढील वाटचालीस शुभेच्छा. शेवटी जोडलेले दोन हात. हरिओमने ते दोनदा वाचलं. दोन्ही वेळा डोकं ठणकत होतं, त्यामुळे नेमकं काय लागलं हे त्याला सांगता आलं नसतं.

"साहेब, डोकं सांभाळा," रिक्षावाला म्हणाला. हे तो आपटल्यावर म्हणाला. हरिओमच्या आयुष्यात सगळे सल्ले साधारण याच वेळेला आले होते.

ऑटो पुन्हा हलली तोवर त्याचं ठरलं होतं. निरोप आलेला नाही. निदान आज तरी नाही. आज दुपारी जाफराबादच्या शाळेत त्याचा सत्कार होता आणि त्याच्या मायनं, सोनूबाईनं, गेले पंधरा दिवस अख्ख्या गावाला एकच गोष्ट सांगितली होती, की आमच्या हरीचं आता मेन सेंटर झालं. फोनवर त्यानेच सांगितलं होतं, "माय, यंदा मी मेन सेंटर हाय." बास्केटबॉलमध्ये सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात उंच माणूस, जो रिंगखाली उभा राहून दोन्ही बाजूंचे धक्के खातो. जालना जिल्ह्यात सेंटर म्हणजे शटर असलेली वस्तू. झेरॉक्स सेंटर, मोबाईल सेंटर, लग्नपत्रिकांचं सेंटर. मायनं विचारलं होतं, "भाड्यानं का सोताचं?" त्याने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा म्हणाला, "सोताचं," आणि तेव्हापासून ते तसंच चालू होतं. गेल्या दिवाळीत एका पाहुण्याने तर मुलीचं स्थळ सुचवताना सेंटर हायवेला लागून आहे का असं विचारलं होतं. बापाने, रामकिसनरावांनी, ठामपणे हो सांगितलं होतं.

सत्कारासाठी नवा शर्ट शिवायला टाकला होता तो न्यायचा होता. तयार कपड्यांच्या जगात हरिओमला जागा नव्हती. लहानपणापासून त्याचं सगळं कापड अमृतलाल शेठच्या दुकानातून जायचं आणि दुकानामागच्या खोलीतल्या मशीनवर शिवलं जायचं. शेठ गादीवर बसल्या बसल्या त्याला दारातून वाकून आत येताना बघत राहिले. कुणी आपल्या दुकानात एवढं वाकून येतं हे त्यांना आवडायचं.

"या हरिओमजी. ये माथे पे क्या हुआ?"

"काही न्हाई शेठ. ऑटो."

"सेंटर कसं चालू?"

"बराबर चालू हाय."

"सीझन हाय ना सध्या?"

"संपला गेल्या महिन्यात."

"मंग जुना स्टॉक काढून टाकायचा," शेठ म्हणाले. "भावनेत न्हाई अडकायचं. पडून राह्यला की जागा खातो."

हरिओमला वाटलं, यांना कळलंय. मग वाटलं, यांना काय कळणार. मग वाटलं, धंद्यातल्या माणसांना न कळताच कळतं. एवढं सगळं वाटून होईपर्यंत शेठची सून रुचि हिशेबाच्या कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली, "बाऊजी, किती वेळा सांगितलं. सेंटर म्हणजे दुकान न्हाई. ते मैदानात मधे उभे राह्यतात."

"तर मी वेगळं काय बोलून राह्यलो? मी बी सारी उमर मधेच उभा राह्यलो. एका बाजूला गिऱ्हाईक, एका बाजूला तुझी सासू."

शर्ट आला. पांढरा, कडक. हरिओमने घालून बघितला तर बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत उतरल्या.

"शेठ, बाही लांब झाली."

"झाली न्हाई. ठेवली. वाढतं अंग हाय."

"मी एकोणतीसचा हाय, शेठ."

"तर काय झालं? तू सातवीत होता तवा तुझा बाप बी असंच बोल्ला, एवढी ढगळ चड्डी कशाला. मी म्हणलं रामकिसनभाऊ, वाढतं अंग हाय. अब बोलो, मेरी बात सच निकली के नहीं?"

निकली होती.

बाह्या दुमडून हरिओम भोकरदनच्या काळीपिवळी जीपमध्ये बसला, म्हणजे गुडघे हनुवटीजवळ घेऊन ठेवला गेला. खिशातला फोन गप्प होता, पण तो गप्प असल्याचं मांडीला कळत होतं. वाढतं अंग. त्याचं सगळं बालपण या दोन शब्दांच्या आत गेलं होतं. चपला एक नंबर मोठ्या, टाचेमागे बोट जाईल एवढ्या. स्वेटर मांडीपर्यंत. कमरेला दोरीने आवळलेली चड्डी. कपडा अंगाला बरोबर बसायला लागायचा तेव्हा तो विटलेला असायचा, कोपराला फाटलेला असायचा, आणि घरात नव्या ढगळ कपड्याचं बोलणं सुरू व्हायचं. मापात बसलेला नवा कपडा कसा लागतो हे त्याला संघाची जर्सी अंगात घातली त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आत्ता जीपमध्ये आठवलं तरी खांद्यांना ती शिवण जाणवली. ती जर्सी हॉटेलच्या खोलीत आरशासमोर घालून तो बराच वेळ उभा राहिला होता. आरशात डोकं मावत नव्हतं, पण जर्सी पूर्ण दिसत होती आणि तेवढं पुरेसं होतं. तेव्हा वाटलं होतं, झालं, आता कुणी काही वाढीव ठेवणार नाही. आपण पोचलो.

राजूरला जीप थांबली. ड्रायव्हर मागे येऊन म्हणाला, "भाऊ, तेवढं पोतं टपावर टाका ना. तुम्हाला चढायचं काम न्हाई." हरिओमने उतरून एका ढेकराच्या वेळात पोतं टपावर ठेवलं, दोरी ओढून दिली. जीपमधली माणसं कौतुकाने बघत होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तू तेच ना, व्हॉलीबॉलवाला?" हरिओम हो म्हणाला. अकरा वर्षं व्यावसायिक खेळाडू म्हणून काढल्यावर कुठे नाही म्हणायचं नाही एवढं त्याला आलं होतं. मग म्हाताऱ्याने वर हवा कशी आहे हे विचारलंच. तेही बरी आहे म्हणून सांगितलं.

पण डोळे मिटले की ती रेघ यायची. फ्री थ्रोची. रिंगसमोर पंधरा फुटांवर मारलेली रेघ, जिथे तुम्हाला एकट्याला उभं करतात, कुणी अडवत नाही, कुणी हात लावत नाही, सगळे कमरेवर हात ठेवून बघत राहतात आणि तुम्ही फक्त चेंडू रिंगमध्ये टाकायचा. खेळातली सगळ्यात सोपी गोष्ट. हरिओमला तीच यायची नाही. रिंगखालच्या गर्दीत तो बाप होता. धक्के खायचा, चेंडू हिसकायचा, समोरच्याने फेकलेला चेंडू हवेतून माशीसारखा हाकलायचा. पण रेघेवर उभं केलं की चेंडू हातातून सुटायचा, छपराकडे जायचा, तिथे कुणाची तरी वाट बघितल्यासारखा थांबायचा आणि खाली येऊन रिंगच्या मागच्या कडेवर ठण्ण. दुसरा, तिथेच, ठण्ण. नेम चुकीचा नव्हता हेच चीड आणणारं होतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. दर वेळी सरळ, दर वेळी सारखाच लांब, अगदी छापल्यासारखा. हे सगळ्या लीगला माहीत झालं. मग विरुद्ध संघ मुद्दाम त्याला धरून ओढायचे, म्हणजे पंच शिट्टी वाजवेल आणि त्याला रेघेवर पाठवेल. फसवायचं असेल तर निदान लपवून फसवावं. हे लोक त्याला मिठी मारायचे, हसायचे, "जाओ भाई," म्हणायचे. स्टेडियममधला माणूस माइकवरून जाहीर करायचा, "हरि ओम!" आणि प्रेक्षकांतली दोन-तीन वयस्क माणसं नकळत हात जोडायची. सर्बियाहून आलेल्या कोचला पहिला महिनाभर वाटत होतं की हा पोरगा भेटेल त्याला नाव सांगत नाही, नमस्कार करतोय. तोही उलट हरिओम म्हणायचा. या कोचने त्याच्यासाठी काय केलं नाही? कॅमेरे लावले, कोपराचे कोन मोजले, मनाच्या डॉक्टरशी गाठ घालून दिली. डॉक्टरने विचारलं, वडिलांशी संबंध कसे आहेत? हरिओम म्हणाला, चांगले आहेत, ते जाफराबादला असतात. शेवटी एकदा सरावानंतर कोच बाकावर बसून म्हणाला होता, "तुझा थ्रो चुकीचा नाही. तो बरोबर आहे. फक्त तुझी रिंग दुसरीकडे कुठेतरी आहे." हरिओमला ते मनाच्या डॉक्टरसारखंच काहीतरी वाटलं होतं. आणि मग मोसमाचा तो शेवटचा सामना, एका गुणाने मागे, घड्याळात शेवटचे क्षण, कुणाची तरी मिठी, शिट्टी, रेघ. ठण्ण. ठण्ण. त्यानंतरच्या बसमध्ये कुणीही त्याला काहीही बोललं नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं. बिर्याणीचं पाकीटसुद्धा त्याला सगळ्यात आधी दिलं, आजारी माणसाला देतात तसं.

भोकरदनला जीप बदलून तो जाफराबादला शाळेसमोर उतरला तेव्हा मांडव भरला होता. माय फाटकातच उभी होती. तिने हाताने खूण केली तसा तो वाकला. तिने कपाळाला बोट लावलं.

"टेंगूळ कशाचं रे?"

"ऑटोची दांडी लागली."

"आन चेहरा?"

"चेहरा बी ऑटोचाच."

"सेंटरवर काही झालं का?"

"न्हाई माय."

"मंग सरळ हो. लोक बघून राह्यले."

तो सरळ झाला. वरून मायच्या भांगातलं कुंकू दिसत होतं आणि ती अजून आपल्याकडे बघतेय हे न बघता कळत होतं. तिला सेंटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण सेंटरवर काही झालं की ते कसं दिसतं हे माहीत असावं. रामकिसनराव पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर पाहुण्यांना सांगत होते, "यंदा टीव्हीवर रोजच दिसणार हाय. मेन झाला ना." हरिओम बाह्या पुन्हा दुमडू लागला. आज संध्याकाळी सांगू. नाहीतर उद्या सकाळी, बाप शेतात गेल्यावर मायला, मग माय सांगेल बापाला. नाहीतर नवीन मोसम सुरू होईल, टीव्ही लागेल आणि टीव्हीच सांगेल.

सत्कार सुरू झाला. फेटा बांधायला खुर्ची आणली, त्याला बसवलं. बसल्यावरही बांधणाऱ्याला चवड्यांवर उभं राहावं लागलं. शाल, नारळ, हार. मुख्याध्यापिका सत्यशीला मॅडम प्रास्ताविकात म्हणाल्या की आपल्या तालुक्यातला पहिला व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू, तसे मागे बसलेले दोन व्यापारी त्याला आपल्यातला समजून नमस्कार करते झाले. मग रामप्रसाद सर उठले. निवृत्त झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यात होती. सातवीतल्या हरिओमला वर्गातून मानेला धरून मैदानावर नेणारे तेच. शाळेत दोनच विषय ते शिकवायचे, मराठी आणि खेळ, आणि दोन्हीत पाठांतरावर भर. सर म्हणाले, "आता हरिओम आपल्या जुन्या रिंगमध्ये चेंडू टाकून दाखवील," आणि त्यांनी शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की हरिओमचे पाय आपोआप उठायचे.

मैदानाच्या टोकाला खांब होता तसाच होता. खेळाडूंच्या वसतिगृहात निवड झाल्यापासून, म्हणजे मिशा फुटायच्या आधीपासून, तो या रिंगखाली उभा राहिला नव्हता. सुट्टीला यायचा तेव्हा शाळेचीही सुट्टी असायची. सत्कारासाठी नवीन पांढरी जाळी बांधली होती. जगातल्या कुठल्याही मैदानावर गेला की हरिओमची एक सवय होती. रिंगखाली जायचं, उडी न मारता नुसता हात वर करायचा आणि बोटांनी जाळी हलवायची. देवळात शिरताना घंटा वाजवतात तशी. त्याने हात वर केला. बोटं हवेत हलली. त्याने वर बघितलं. जाळी होती. त्याने हात पुन्हा वर केला. बाही सुटून पुढे आली होती म्हणून तिला मागे सारलं, टाचा उचलल्या. तरी हवाच. आपण आक्रसलो की काय, असं त्याच्या मनात आलं. एका निरोपाने माणूस किती कमी होऊ शकतो? ऑटोत डोक्याला मार लागला त्यात काही खाली दबलं का? मांडवातून कुणीतरी ओरडलं, "टाक रे, हरी," आणि तो चुन्याने मारलेल्या रेघेवर जाऊन उभा राहिला.

चेंडूत हवा जास्त भरलेली होती. बाह्या पुन्हा पेरांवर आल्या होत्या. त्याने काही विचार न करता चेंडू सोडला. चेंडू वर गेला, खांबामागच्या लिंबाच्या शेंड्याच्याही वर थांबला, आणि खाली आला. ठण्ण नाही. नवीन जाळीतून नुसता एक सूं असा आवाज. गर्दीने टाळ्या वाजवल्या, म्हणजे जेवढ्या सगळ्याच पाहुण्यांसाठी वाजवतात तेवढ्या. त्याने पुन्हा टाकला. सूं. पुन्हा. सूं. हात, कोपर, बोटं, सगळं अगदी तेच होतं जे कॅमेऱ्यांनी मोजून चुकीचं ठरवलं होतं. टाकत गेला तसतसं त्याला बरं वाटण्याऐवजी अंगावर काटा येत गेला. हे इथे का जातंय? एवढी माणसं रेघेवर बघत असताना, बाही लांब असताना, डोकं ठणकत असताना, संघातून काढलेला असताना?

"थांबा, मला दोन शब्द बोलू द्या," असं म्हणत बद्रीनाथ मिस्तरींनी माइक घेतला. जाफराबादेतलं निम्मं लोखंड त्यांनी जोडलं होतं, हा खांबही. "मंडळी, ही कडी मी बसवली. आज सांगतो, तवा कुणाला सांगितलं न्हाई. रामप्रसाद सर मला म्हणले, बद्री, कडी दहा फुटांवर पायजे, साऱ्या दुनियेत तेवढीच असती. मी लेकरांकडं बघितलं. एवढुशी लेकरं. म्हणलं, आज दहा फुटांवर बसवली तर उद्या हे वाढतील, कडी ठेंगणी पडंल. मंग परत कापा, परत जोडा, शाळेला परत खर्चा. म्हणून मी गुपचूप एक फूट वाढीव ठेवली. वाढत्या अंगाची. आन आता बघा, पोरगं बराबर तिच्या मापाचं झालं का न्हाई?"

या वेळी टाळ्या मनापासून पडल्या. मांडवातल्या प्रत्येकाच्या घरात वाढीव काहीतरी होतं. रामकिसनराव उभे राहून मिस्तरींना हात जोडत होते. हरिओम चेंडू कमरेशी धरून उभा राहिला. त्याला वसतिगृहातला पहिला दिवस आठवला. तिथली रिंग त्याला जवळ दिसली होती आणि त्याला वाटलं होतं की एसटीच्या प्रवासात आपण वाढलो. एवढंच वाटलं होतं आणि तो खुश झाला होता. कोपराचे कोन, मनाचा डॉक्टर, मिठ्या, बिर्याणीचं पाकीट, सर्बियातला माणूस डोकं धरून बसलेला. एक फूट. कुणाशी भांडायचं? ज्या माणसाने मुलांचं भलं बघितलं त्याच्याशी?

रामप्रसाद सर जवळ आले होते. "हरी, आईशप्पथ, मला बी आजच कळून राह्यलं."

"सर, तुम्ही कधी मापलं न्हाई?"

"वर कोण चढणार होतं मापायला? तू तवा लहान होता."

सत्यशीला मॅडमनी तोवर माइकवरून जाहीर केलं की चूक लक्षात आणून दिल्याबद्दल मिस्तरींचे आभार, उद्याच रिंग नियमाप्रमाणे दहा फुटांवर घेण्यात येईल.

"नका घेऊ," हरिओम म्हणाला. सकाळपासून त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं मनातलं वाक्य होतं. मॅडमना ते ऐकू गेलं नाही, म्हणून तो चालत माइकपर्यंत गेला. माइक त्याच्या छातीशी येत होता. त्याने तो दांडीतून काढून हातात घेतला आणि समोर बघितलं. बाप हसत होता. माय हसत नव्हती. ती कपाळाकडे बघत होती. काही बोलायचं होतं, पण या शाळेत तो एकच मजकूर असा शिकला होता जो आयुष्यात कधी विसरला नाही, कारण रामप्रसाद सर तो छडी हातात धरून पाठ करून घ्यायचे. घसा साफ केल्यावर तोच आला. त्या भाषेचा आवाज ऐकून मांडवातली माणसं आपोआप सावरून बसली.

"प्रति, जगात जिथं कुठं रिंगांचं काम बघतात तिथले मा. मुख्य अधिकारी साहेब, यांस. विषय : रिंगा वाढवून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी खाली सही करणार, राहणार जाफराबाद, माझं सर्व शिक्षण अकरा फुटांवर झालेलं असून त्यात माझी किंवा बद्रीनाथ मिस्तरींची काही चूक नाही. तरी आपल्या अखत्यारीतील देशातील व परदेशातील सर्व रिंगा मिस्तरींच्या मापाप्रमाणे एक फूट वर घेण्यात याव्यात, गेल्या मोसमातील माझे सर्व फ्री थ्रो त्याप्रमाणे पुन्हा मोजण्यात यावेत, आणि त्याबाबत आदेश होईपर्यंत आज सकाळी जुन्या जालन्यात मला संघातून काढल्याचा जो निरोप आला तो आलाच नाही असं समजण्यात यावं व माझ्या मायलाही तसं लेखी कळवण्यात यावं, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक, हरिओम रामकिसन फदाट, सेंटर."